पाना हातात घ्या, म्हणणाऱ्यांनो

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन पिकं जोमात येतात. एक क्लासवाल्यांच्या फलकांचं, आणि दुसरं "पदवीच्या मागे धावू नका, हातात पाना घ्या" असं सांगणाऱ्या लेखांचं आणि भाषणांचं. पहिल्यावर टीका पुष्कळ झाली. दुसऱ्याला कुणी हात लावत नाही, कारण तो सल्ला ऐकायला फार बरा वाटतो. त्यात श्रमाची प्रतिष्ठा असते, डिग्रीच्या कागदाची खिल्ली असते, शहरात वेळेवर प्लंबर मिळत नाही म्हणून उडालेली तारांबळ असते. मग जर्मनीतला मेकॅनिक येतो, सायकलच्या दुकानातून उभे राहिलेले किर्लोस्कर येतात, आणि शेवटी हल्लीच्या पोरांना कष्टाची लाज वाटते हे निदान. क्रम थोडा मागेपुढे होतो, मजकूर तोच. सांगणारा बहुधा कारखानदार, निवृत्त अधिकारी नाहीतर प्राध्यापक असतो. फिटर किंवा वेल्डर असा लेख लिहिताना मला तरी दिसलेला नाही.

मी स्वतः आयटीआयतून फिटर झालो आणि नंतर बरीच वर्षं निदेशक म्हणून पोरांच्या हातात कानस दिली. त्यामुळे कारागिरीची थोरवी मला कुणी पटवून देण्याची गरज नाही. माझं भांडण सल्ल्याशी आहे. या सल्ल्यात काम आहे, घाम आहे, प्रतिष्ठा आहे. कामाचा दाम कोण ठरवतं आणि तो वसूल कसा करायचा, याबद्दल एक अक्षर नाही. आणि सतरा वर्षांच्या मुलाला नेमकं तेच माहीत असायला हवं.

आधी त्या लाडक्या वाक्याकडे येऊ: प्लंबर इंजिनिअरपेक्षा जास्त कमावतो. हे वाक्य सोसायटीच्या जिन्यात जन्माला येतं. नळ बदलायला माणूस येतो, अर्ध्या तासात 500 रुपये घेऊन जातो, आणि घरमालक मनातल्या मनात गुणाकार करतो. दिवसाला दहा घरं, महिन्याला तीस दिवस, म्हणजे दीड लाख! या गुणाकारात रिकामे दिवस नाहीत. दोन घरांमधला प्रवास नाही, पेट्रोल नाही, हत्यारांची झीज नाही, "पुढच्या महिन्यात देतो" म्हणणारी गिऱ्हाइकं नाहीत, मोबाईलवरून काम मिळवून देणाऱ्या कंपनीचं कमिशन नाही. आजारपण तर नाहीच. शिवाय खरोखर चांगलं कमावणारा प्लंबर पाहिला तर तो बहुतेक वेळा छोटा कंत्राटदार असतो. इमारतीचं काम तो अंगावर घेतो, आणि त्याच्या हाताखाली चार जण पाइप कापत असतात. मुलाला सल्ला देताना त्या कंत्राटदाराकडे बोट दाखवलं जातं. मुलगा जाऊन उभा राहतो त्या चौघांत. एका बाजूचा वरचा माणूस आणि दुसऱ्या बाजूचा बेकार माणूस घेऊन तुलना केली की काहीही सिद्ध करता येतं. करायचीच असेल तर दोन्हीकडचा मधला माणूस घ्या.

तो मधला माणूस सरकारला किती किमतीचा वाटतो, हे सरकारने लिहूनच ठेवलं आहे. महाराष्ट्राने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात बारावी झालेल्याला महिन्याला 6,000 रुपये, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000. केंद्राचंही वेगळं नाही. अप्रेंटिसशिपच्या नियमांत 2019 साली जी दुरुस्ती झाली, तिने आयटीआयचं प्रमाणपत्र असलेल्याला किमान 7,000 आणि पदवीधराला किमान 9,000 रुपये विद्यावेतन ठरवलं. म्हणजे भाषणात कौशल्य पदवीपेक्षा मोठं, आणि शासन निर्णयात ते 2,000 रुपयांनी लहान. दोन वर्षं लेथवर उभा राहिलेला टर्नर आणि नुसता बारावी पास झालेला मुलगा यांना केंद्राच्या त्या तक्त्यात एकच आकडा आहे, हेही जाता जाता पाहून घ्यावं. हे विद्यावेतन आहे, पगार नव्हे, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण पहिला आकडा कुठून सुरू होतो यावर पुढचे आकडे ठरतात, हे नोकरीसाठी मुलाखत दिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

"शिकता शिकता कमवा" हे या सल्ल्याचं दुसरं पान. इथे थोडा वेळ थांबायला हवं, कारण बहुतेक पोरांची गाडी इथेच अडते. आपल्याकडे 1961 पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. कायदा चांगला आहे. उमेदवाराला कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, सुरक्षिततेचे कारखान्याचे नियम त्यालाही लागू, त्याला मनाला येईल तसा ओव्हरटाइम लावायचा नाही, हे सगळं त्यात आहे. पण त्याच कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, त्याला बाकीचे कामगार कायदे लागू नाहीत. आणि प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. 2014 च्या दुरुस्तीनंतर मालकाने याबाबतचं आपलं धोरण आपणच ठरवायचं. सल्ला देणाऱ्यांपैकी किती जणांनी हे वाचलं असेल?

पोरं मात्र हे वाचून नाही, भोगून शिकतात. 20 मार्च 2018 रोजी सकाळच्या गर्दीच्या वेळी माटुंगा आणि दादरच्या दरम्यान शेकडो तरुण रुळांवर बसले आणि मध्य रेल्वेची लोकल बंद पडली. ती पोरं रेल्वेच्याच कारखान्यांत अप्रेंटिसशिप केलेली होती. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन. म्हणजे सल्ल्याप्रमाणे अगदी शहाण्यासारखी वागलेली. हातात पाना घेतलेला, आयटीआय केलेली, वर रेल्वेसारख्या ठिकाणी प्रशिक्षण घेतलेलं. त्यांच्यासाठी रेल्वेच्या खालच्या पदांत 20 टक्के जागा राखीव ठेवल्या होत्या. ती मर्यादा काढा आणि आम्हाला सामावून घ्या, ही त्यांची मागणी होती. त्या दिवशी लोकलमध्ये अडकलेल्यांचा संताप समजण्यासारखा होता. पण ज्या देशात कुशल हातांचा तुटवडा आहे असं रोज सांगितलं जातं, तिथे प्रशिक्षित फिटर रुळावर का बसतो, हा प्रश्न त्या आठवड्याच्या चर्चेत मला फारसा सापडला नाही.

हेच खाजगी कारखान्यांत वेगळ्या नावाने चालतं. चाकण, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यात "नीम ट्रेनी" ही काय चीज आहे हे कुणालाही विचारा. एआयसीटीईने 2013 मध्ये रोजगारक्षमता वाढवण्यासाठी म्हणून ती योजना काढली होती. कागदावर प्रशिक्षण; प्रत्यक्षात लाइनवर पूर्ण पाळी. प्रॉव्हिडंट फंड नाही, ईएसआयचा कामगार विमा नाही, कायम होण्याचा मार्ग नाही. कामगार संघटनांनी वर्षानुवर्षं ओरड केली. ती योजना आता गेली, पण "ट्रेनी" हा शब्द गेला नाही. एका कंपनीत ट्रेनी, मुदत संपली की शेजारच्या कंपनीत ट्रेनी, तिथून तिसरीकडे. तिशीला आलेला माणूस अजून शिकाऊच असतो, आणि त्याला शिकवणारा कुणीच नसतो. अशा माणसाला तू कौशल्य मिळव, भाव आपोआप येईल, असं सांगणं हे अज्ञान आहे किंवा लबाडी. लिहिणारा कारखानदार असेल तर मी दुसरा पर्याय धरतो.

आता "एकदा काम हातात बसलं की माणूस उपाशी मरत नाही" या म्हणण्याकडे. ते पूर्ण खोटं नाही, म्हणूनच जास्त घातक आहे. कोणतं काम हातात बसलं, हे त्यात सांगितलेलं नसतं. भोसरीच्या कुठल्याही शॉपमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे एका सीएनसी मशिनवर, तीन प्रकारची माणसं दिसतील. ऑपरेटर जॉब लावतो, दार बंद करतो, हिरवं बटण दाबतो, जॉब काढतो, हवेच्या पिस्तुलाने बुरादा उडवतो. सेटर टूल बसवतो, ऑफसेट देतो, पहिला नग मापात आणतो. प्रोग्रामर ड्रॉइंग वाचून मशिनने कसं चालायचं ते लिहितो. बाहेरून तिघंही "सीएनसीवाला". पगारात आणि आयुष्यात मात्र मोठा फरक. ऑपरेटरचं काम पंधरवड्यात येतं, म्हणून त्याच्या जागी पंधरवड्यात दुसरा येतो. पाच वर्षं बटण दाबल्याने सेटिंग येत नाही. कुणीतरी ते करू द्यावं लागतं, आणि मालकाला घाई असल्यामुळे ते करू दिलं जात नाही. "सीएनसीला स्कोप आहे" असं सांगताना यातलं कोणतं काम, हे सांगायला हवं.

वेल्डिंगचंही तसंच. ग्रिल आणि शटर जोडणारा वेल्डर आणि उभा-आडवा फिरवता न येणारा तिरका पाइप जोडून एक्स-रे पास करणारा वेल्डर, दोघांच्या हातात तोच होल्डर असतो. दुसऱ्याला रिफायनरीत, जहाजबांधणीत, आखातात मागणी असते. पण त्याची चाचणी पास झाल्याचा कागद कायमचा नसतो. मोठ्या कामांना लागणाऱ्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे सहा महिने ते काम केलं नाही तर पात्रता संपते, पुन्हा परीक्षा. डिग्रीच्या कागदाला हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कागदाविना नुसत्या हाताला भाव मिळेल असं या धंद्यातही कुठे नाही. उलट इथला कागद दर सहा महिन्यांनी स्वतःला सिद्ध करायला लावतो.

गॅरेजचा विषय तर सल्लागारांच्या फारच आवडीचा, आणि तिथेच त्यांची माहिती सर्वांत जुनी. त्यांच्या डोळ्यांसमोर अजून तो उस्ताद आहे जो इंजिनाच्या आवाजावरून टॅपेट सैल आहे की प्लग मार खातोय ते सांगायचा, आणि तो छोटू, जो दहा-अकराचा पाना हातात देत देत पाच वर्षांत मेकॅनिक व्हायचा. 1 एप्रिल 2020 पासून भारतात बीएस-6 हे धुराचं मानक आलं. दुचाकीतून कार्बोरेटर गेला, फ्यूल इंजेक्शन आलं. डिझेल गाडीत धुराच्या वाटेवर फिल्टर आला, अनेक गाड्यांत युरियाचं पाणी फवारणारी यंत्रणा आली. 2023 पासून गाडी चालत असतानाच स्वतःचा धूर तपासू लागली. आता गाडी आवाज करत नाही, फॉल्ट कोड देते. तो वाचायला स्कॅनर लागतो, आणि कोड वाचूनही नेमका सेन्सर खराब की वायर तुटलेली की कंट्रोलरच गेलेला, हे मीटर लावून शोधावं लागतं. विजेच्या गाडीत तर नारिंगी केबलला हात लावण्याआधी बॅटरी तोडायची कशी हे ठाऊक नसलं तर शिकण्याची दुसरी संधी मिळणार नाही. हे उस्तादाच्या हाताखाली राहून येत नाही, कारण ते उस्तादालाच येत नाही.

आणि येऊ दिलंही जात नाही. 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,500 कोटींच्या वर दंड ठोठावला होता. कारण काय? अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधनं या कंपन्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलांत आणि न्यायालयांत गेलं. पण कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचं पोट त्याच्या मनगटाइतकंच या असल्या लढायांवर अवलंबून आहे, हे त्या आदेशाने लख्ख दाखवलं. "स्वतःचं गॅरेज टाक, कुणाची गुलामी नको" म्हणणाऱ्या एकाही लेखात मला त्याचा उल्लेख आढळला नाही. मुलाला मालक व्हायला सांगायचं, आणि गाडीचं कुलूप उघडायची किल्ली कंपनीकडे आहे हे लपवायचं.

जर्मनीचं उदाहरण मला मनापासून आवडतं, कारण ते सल्ला देणाऱ्यांच्याच विरुद्ध जातं. तिथे मोटार मेकॅनिकला मान आहे, खरं आहे. त्या मानाची पायाभरणी काय? 1969 चा व्यावसायिक प्रशिक्षणाचा कायदा. साडेतीन वर्षांचं मेकॅट्रॉनिकचं शिक्षण; आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत, बाकी कंपनीत. परीक्षा मालक घेत नाही, व्यावसायिकांचं मंडळ घेतं. प्रशिक्षणाच्या काळातला भत्ता दरवर्षी वाढलाच पाहिजे असं कायदा म्हणतो, बऱ्याच ठिकाणी तो कामगार संघटना आणि मालक यांच्या वाटाघाटीतून ठरतो, आणि 2020 पासून त्याला देशभर किमान मर्यादा आहे. स्वतःचं गॅरेज काढायचं तर साधारणपणे माइस्टरची, म्हणजे उस्तादाची, पात्रता लागते. मध्यंतरी 2004 मध्ये त्यांनी 53 धंद्यांवरची ही माइस्टरची अट काढून पाहिली होती. 2020 मध्ये त्यातल्या 12 धंद्यांवर ती पुन्हा बसवली. म्हणजे त्या देशात कारागिराची प्रतिष्ठा कायद्याने, संघटनेने आणि पैशाने राखली आहे. आपण त्यातला फक्त मेकॅनिक उचलला आणि बाकीचं विमानतळावर सोडून आलो. महाराष्ट्राने फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, पहिल्या टप्प्यात 10,000 तरुण म्हटलं गेलं. पोरं जरूर जावीत. पण तिथल्या धंद्यात जी शिस्त आणि जो दाम आहे तो इथे आणण्याचा करार कुणी कुणाशी केला आहे?

किर्लोस्करांबद्दल थोडक्यात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, हे सांगितलं जातं. ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले होते, रंगांधळेपणामुळे चित्रकला सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले होते, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये तो विषय शिकवत होते, हे गाळलं जातं. बढतीत डावललं गेल्यामुळे त्यांनी नोकरी सोडली. बेळगावातून उठावं लागल्यावर औंधच्या राजांनी जागा आणि कर्ज दिलं, म्हणून 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिक्षण, रेखाटन, संस्थानाचं पाठबळ आणि मग पाना. त्यांचं मोठेपण याने तसूभर कमी होत नाही. मात्र शिक्षण सोडा असं सांगण्यासाठी त्यांचं नाव वापरू नये.

राहिली लाज. "हल्लीच्या मुलांना हात काळे करायची लाज वाटते." हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकलं आहे की आता त्याचा राग येत नाही, कीव येते. महाराष्ट्रात शासकीय आयटीआयच 400 च्या वर आहेत आणि दर पावसाळ्यात फिटर-इलेक्ट्रिशियनच्या यादीसाठी तिथे मुलं-आईबाप उभे असतात. ज्यांना लाज वाटते ते त्या रांगेत नसतात. त्या रांगेतली मुलं लाजत नाहीत, हिशेब करतात. आयटीआय होऊन कंत्राटी राहिलेला चुलतभाऊ त्यांना दिसतो. सोयरीक जुळवताना मुलीकडचे आधी "पर्मनंट आहे का" हे विचारतात, तेही त्यांना दिसतं. याला मानसिकता म्हणून नावं ठेवणं सोपं आहे, पण मुलीच्या बापाचा प्रश्न अगदी रोकडा आहे: या माणसाचा पगार पुढच्या दिवाळीला येणार का?

आणि एक गोष्ट आपण चारचौघांत बोलत नाही. हा सल्ला सगळ्यांना सारखा दिला जात नाही. तो वरून खाली वाहतो. ज्या घरात तीन पिढ्या पदव्या आहेत त्या घरातून तो निघतो, आणि ज्या घरात पहिलाच मुलगा दहावी झाला आहे तिथे येऊन पोचतो. लोहार, सुतार, चांभार यांच्या हातात या देशात हजारो वर्षं कौशल्य होतं. त्याचा मोबदला बलुत्यात मिळायचा आणि जागा गावाच्या उतरंडीत खाली. तेव्हा कौशल्य असलं की मान मिळतो, हा सिद्धान्त निदान महाराष्ट्रात तरी कुणी मांडू नये. बाबासाहेब आंबेडकरांनी 1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात दोन्ही मागण्या एकत्र केल्या होत्या: अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून प्रवेश. त्यांनी एक दार उघडण्यासाठी दुसरं बंद करा असं म्हटलं नाही. आजचे सल्लागार नेमकं तेच म्हणतात, आणि बंद करायचं दार नेहमी दुसऱ्याच्या मुलाचं असतं.

शरीराबद्दल तर सगळेच गप्प. वेल्डिंगच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये निश्चित कर्करोगकारक ठरवलं. डिझेलच्या धुराला 2012 मध्येच. सेफ इन इंडिया ही संस्था 2019 पासून वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या अपघातांवर अहवाल काढते. त्या अहवालांचं नावच "क्रश्ड" आहे, आणि त्यात पॉवर प्रेसवर बोटं गमावलेले तरुण पानोपानी भेटतात. ज्याचं भांडवल बोटं आहेत त्याला बोटांचा विमा सांगायचा नाही, हा कुठला करिअर सल्ला? दहापेक्षा कमी माणसं असलेल्या गॅरेजला ईएसआय सहसा लागूच होत नाही. तिथे बोट गेलं तर मालकाच्या दयेवर.

इतकं सगळं म्हटल्यावर कुणी विचारेल, मग पोरांना आयटीआयला पाठवायचं नाही का? जरूर पाठवायचं. पदवीचा धोशा लावून गल्लीतल्या कॉलेजात वर्गात न बसता बी.ए. उरकण्यापेक्षा चांगला फिटर होणं शतपटीने बरं, आणि "आयटीआय म्हणजे नापासांचं ठिकाण" म्हणणाऱ्यांशी माझं याहून मोठं भांडण आहे. फक्त पाठवताना डोळे उघडे ठेवून पाठवायचं. जमलं तर दोन वर्षांचा ट्रेड घ्या: फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट, मोटार मेकॅनिक. दहावीनंतर असा ट्रेड केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि तिथून अभियांत्रिकीचा रस्ताही निघतो. तो वापरायचा की नाही ते मुलगा नंतर ठरवेल, पण रस्ता हातात असावा. प्रवेशाआधी ती संस्था दुपारच्या वेळी जाऊन बघा. ट्रेडचा निदेशक नेमलेला आहे का, लेथ चालू आहेत की गोणपाटाखाली, पोरांना जॉबसाठी लोखंड मिळतं का. गणित आणि ड्रॉइंग यांना कंटाळून आयटीआयला येणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगा की इथे त्यातून सुटका नाही. व्हर्नियरवर 0.02 मिलिमीटर वाचता आला नाही आणि ड्रॉइंगवरची सूट कळली नाही तर तो जन्मभर ऑपरेटर राहील.

अप्रेंटिसशिपसाठी शिकवणाऱ्या जागा शोधा. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा, आयुधनिर्माणी, माझगाव डॉक, रेल्वेचे कारखाने. इथे नोकरीची खात्री नसली तरी काम पूर्ण शिकायला मिळतं आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात येतं. वीजकामात असाल तर वायरमनचा परवाना काढा. तो असा एक कागद आहे ज्याच्यामागे कायदा उभा आहे. मोटारीत असाल तर इंजिनाआधी वायरिंग शिका. आणि स्वतःचं काम सुरू केलं की बिलावर मजुरी वेगळी लिहा, बिघाड शोधण्याचे पैसे वेगळे लावा. सुट्या भागांच्या कमिशनवर पोट भरायची सवय लागली की मेकॅनिकचा दुकानदार होतो.

इथे वाचकांशीही दोन शब्द बोलायला हवेत. "नुसता स्क्रू फिरवायचे पाचशे?" हा प्रश्न कोण विचारतं? डॉक्टरने नाडी बघून सातशे घेतले तर आपण निमूट देतो, आणि दोन तास गाडीखाली झोपून तुटलेली वायर शोधणाऱ्याशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करतो. कुशल श्रमाला प्रतिष्ठा द्या असा लेख सकाळी वाचून मान डोलावणारा माणूस दुपारी हेच करतो. पाना हातात घ्या म्हणणाऱ्यांनी आधी पाना हातात असलेल्याचे पैसे वेळेवर आणि पूर्ण द्यावेत. कारखानदार असतील तर अप्रेंटिस संपलेल्यांपैकी किती जणांना कायम केलं तो आकडा आपल्या लेखाखाली छापावा. मग मी त्यांचा लेख माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना वाचायला देईन.

आणि पालकांनो, मुलाला कुठेही "शिकायला" ठेवताना शिकाऊ उमेदवारीचा लेखी करार मागा, त्याची नोंद सरकारी पोर्टलवर झाली आहे का ते बघा, त्याची प्रत घरी ठेवा. करारच करायला मालक तयार नसेल तर तुमचा मुलगा तिथे शिकाऊ नाही, कामगार आहे. त्याच्यासाठी विद्यावेतन नको, किमान वेतन मागा.